मन दाखवायची खोली
एलईडी भिंती नाहीत, प्रोजेक्टर नाही, सेल्फी पॉइंट तर नाहीच. तरीही वर्धा जिल्ह्यातल्या या जागा डोक्यात शिरतात आणि बाहेर पडायचं नाव घेत नाहीत. एका एक्झिबिशन डिझायनरची वीकेंड डायरी.

‘स्ट्रेस टू शांती.’ क्लायंटचं ब्रीफ एवढंच होतं.

कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात स्टाफसाठी तीन खोल्या हव्या होत्या. पहिलीत ताण, दुसरीत राग, तिसरीत शांती. चारही भिंतींवर प्रोजेक्शन, जमिनीत सेन्सर, छतातून पावसाचा आवाज आणि शेवटी सेल्फी पॉइंट. (सेल्फी पॉइंट नसेल तर बजेट पास होत नाही, हे तुम्हालाही माहीत असेलच!) ताण आणि राग मला लगेच सुचले. लाल दिवे, एकाच वेळी वाजणारे दहा फोन, जवळजवळ सरकणाऱ्या भिंती. स्वतःच्या आयुष्यातूनच उचलायचं होतं, रिसर्चची गरज नव्हती. गाडी अडली ती तिसऱ्या खोलीपाशी. शांती दिसते कशी? निळी? धबधब्यासारखी? बॅकग्राउंडला बासरी लावली की झाली शांती?

तीन आठवड्यांत अकरा ड्राफ्ट झाले. अकराव्या ड्राफ्टच्या रात्री टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर मुलाने चुकीची फाईल पाठवली आणि मी त्याला सगळ्यांसमोर असं काही बोलले की पोरगा पँट्रीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शांतीची खोली डिझाईन करताना! दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे न बघता ‘गुड मॉर्निंग, मॅम’ म्हणाला. मीही मॉनिटरकडे बघत ‘मॉर्निंग’ म्हटलं.

सॉरी म्हणायला एक सेकंद लागतो म्हणतात. मला नऊ दिवस लागले. आणि मधल्या वाटेत वर्धा लागलं.

खोलीत शिरायची फॅशन

आधी थोडं आमच्या धंद्याबद्दल. चित्र भिंतीवर टांगायचं आणि लोकांनी ते लांबून बघायचं, हा प्रकार आता जुना झाला. आता लोकांना चित्राच्या आत जायचं असतं. जानेवारी 2023 मध्ये मुंबईत व्हॅन गॉगची चित्रं अख्ख्या हॉलभर प्रोजेक्ट केली होती. सूर्यफुलं भिंतीवर, पायाखाली, शेजारच्या माणसाच्या शर्टावरसुद्धा! या सगळ्याची आजी म्हणावी अशी कलाकार म्हणजे जपानची यायोई कुसामा. 1965 मध्ये तिने पहिली ‘इन्फिनिटी मिरर रूम’ केली. आरशांची खोली, आत ठिपकेच ठिपके. तुम्ही मध्ये उभे राहिलात की तुमच्याही हजार प्रती होतात आणि आपण नक्की कुठे संपतो तेच कळेनासं होतं.

गंमत अशी की कुसामासाठी ते डेकोरेशन नव्हतंच. लहानपणापासून तिला भास व्हायचे. टेबलक्लॉथवरची फुलं भिंतीवर, छतावर, स्वतःच्या अंगावर पसरताना दिसायची. 1977 मध्ये ती स्वतःहून टोकियोतल्या एका मनोरुग्णालयात राहायला गेली आणि तिथे राहून रोज स्टुडिओत जाऊन काम करत राहिली. म्हणजे ती खोली तिच्या मनाची आतली बाजू होती. आम्ही बाकीच्यांनी त्यातले फक्त ठिपके उचलले.

माझ्या तिसऱ्या खोलीचं नेमकं तेच झालं होतं. माझ्याकडे शांतीचे ठिपके होते. शांती नव्हती.

‘काऊन वं, एवढी वाळून गेली?’

वर्ध्याला गेले ते मावसबहिणीच्या साखरपुड्याला. इन्स्पिरेशनच्या शोधात वगैरे मुळीच नाही. गुरुवारी दुपारी सीएसएमटीवरून सेवाग्राम एक्स्प्रेस पकडली, शुक्रवारी पहाटे वर्धा. स्टेशनवर डिसेंबरची झकास थंडी. घरी पोचल्यावर मावशीने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, “काऊन वं, एवढी वाळून गेली? मुंबईत जेवाले भेटत नाही का तुले?” मग चहा आणि सोबत गोरसपाक. वर्ध्याची ही खुसखुशीत बिस्किटं तुम्ही खाल्ली नसतील तर आधी खा, हा लेख नंतर वाचला तरी चालेल.

साखरपुडा शनिवारी. शुक्रवारी घरात पाहुणे, मिठाईचे बॉक्स आणि माझ्यासाठी एकच प्रश्न : “आता तुझं कधी?” मी लॅपटॉप मावशीच्या कपाटात ठेवला आणि सरळ ऑटो केली. “सेवाग्राम.”

आठेक किलोमीटर. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, मधेच वेचणीला आलेला कापूस. ऑटोवाले काका गेटपाशी म्हणाले, “थांबू का मॅडम? लोकं त पंधरा मिनटात पाहून येऊन जाते.”

मी म्हटलं, थांबा. पंधरा मिनिटं पुरतील.

पहिली खोली : लक्ष

30 एप्रिल 1936 ला गांधीजी या गावात राहायला आले. तेव्हा गावाचं नाव होतं शेगाव. पण गजानन महाराजांच्या शेगावशी घोळ व्हायचा, पत्रं भलतीकडे जायची, म्हणून 1940 मध्ये ‘सेवाग्राम’ हे नाव पडलं. आश्रमातली पहिली वास्तू आदी निवास. खर्च पाचशे रुपयांच्या आत, सामान जवळपासच्या गावांतलं आणि मजूरही इथलेच, अशी गांधीजींची अट होती. (आमच्या भाषेत याला ‘टाईट ब्रीफ’ म्हणतात.)

आज सगळे बघायला जातात ती बापू कुटी मुळात मीराबेनची. ब्रिटिश अ‍ॅडमिरलची ही मुलगी. भारतात आली आणि इथलीच झाली. कुटी बांधली मातीची, लाकूड-बांबूची, वर कवेलू. आतल्या भिंतीवर तिने मातीतच उठावाची चित्रं केली आहेत : ताडाची झाडं, चरखा, ॐ. भिंतीचाच रंग, भिंतीचीच माती. उजेड तिरका पडला तरच दिसतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा भिंत कोरीच वाटली होती.

आत सामान मोजकंच. बसायची गादी, बुटकं डेस्क, छोटीशी तीन माकडं. जून 1942 मध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार इथे आठवडाभर राहिला. भिंतीवर लावलेलं असं एकच चित्र त्याला दिसलं, येशू ख्रिस्ताचं. विदर्भाच्या उन्हाने बिचारा इतका हैराण झाला की पाण्याच्या टबात बसून, समोर खोक्यावर टाइपरायटर ठेवून त्याने नोट्स टाइप केल्या. वर्क फ्रॉम होम आपण आत्ता शिकलो. हा माणूस तेव्हा वर्क फ्रॉम टब करत होता!

सगळं बघून झालं. वेळ बघितली : नऊ मिनिटं. काका म्हणाले ते खरंच होतं. अजून सहा मिनिटं शिल्लक होती म्हणून मी ओसरीवर भिंतीला टेकून बसले. फोन बॅगेत टाकला.

आणि मंडळी, खरं सांगते, ती सहा मिनिटं भयंकर होती. हात आपोआप बॅगेकडे जात होता. मेल आलं असेल का? साखरपुड्याला कोणते कानातले? तो पोरगा पँट्रीत उभा होता... नको, तो विषय नको. कानातले. मेल. पँट्री.

2014 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास ‘सायन्स’ मासिकात आला होता. लोकांना फोन-पुस्तकाशिवाय रिकाम्या खोलीत सहा ते पंधरा मिनिटं नुसतं स्वतःच्या विचारांबरोबर बसवलं. बहुतेकांना ते आवडलं नाही. मग एका प्रयोगात खोलीत एक बटण ठेवलं. दाबलं की विजेचा सौम्य झटका. याच लोकांनी आधी सांगितलं होतं की हा झटका टाळायला आम्ही पैसे देऊ! तरी पंधरा मिनिटांत 18 पैकी 12 पुरुषांनी आणि 24 पैकी 6 बायकांनी निदान एकदा तरी बटण दाबलं. स्वतःसोबत बसण्यापेक्षा शॉक परवडला.

तेव्हा मी हसले होते. त्या ओसरीवर मला कोणी बटण दिलं असतं तर मी दोनदा दाबलं असतं.

पण मग काहीतरी हललं. म्हणजे खरंच हललं. समोरच्या झाडाची सावली अंगणात सरकली. कुठेतरी खराटा चालू होता. एक खार आली आणि गेली. मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या जोडप्याने 1989 च्या त्यांच्या पुस्तकात हे मांडून ठेवलंय. दिवसभर आपण जे जोर लावून लक्ष देतो (स्क्रीन, ट्रॅफिक, बॉसचा चेहरा), ते स्नायूसारखं थकतं. ते भरून येतं ते अशा जागी, जिथे लक्ष द्यायची सक्ती नसते पण बघायला हळूच हलणारं काहीतरी असतं : पानं, ढग, पाणी. म्हणजे लक्षाला सुट्टी द्यायची, पण घरी बसवायचं नाही. जरा बागेत फिरवून आणायचं.

जानेवारी 1978 मध्ये इव्हान इलिच हा विचारवंत सेवाग्रामच्या एका परिषदेत बोलायला आला होता. भाषणाआधी तो याच कुटीत बसून राहिला आणि मग भाषणही या कुटीवरच केलं. त्याने यात सात प्रकारच्या जागा मोजल्या. चपला काढायची जागा, आजाऱ्याची जागा, पाहुण्याची जागा... त्याचं म्हणणं साधं होतं : घर वेगळं आणि सामान ठेवायची गोदामं वेगळी. आपण जी बांधतो ती बहुतेक दुसरी.

मी माझी तिसरी खोली आठवली. आठ प्रोजेक्टर, सोळा स्पीकर, धबधबा, बासरी. गोदामच की ते. शांती म्हणून मी लोकांच्या थकलेल्या लक्षावर अजून सामान रचत होते.

ऑटोपाशी आले तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. काका पेपर वाचत होते. “काही हरवलं होतं का मॅडम?”

दुसरी खोली : राग

शनिवारी साखरपुडा दुपारी होता. सकाळी मावशीच म्हणाली, “गीताई मंदिर पाहून ये. जवळच आहे. आन लवकर ये, तुझ्या केसाचं काय करायचं ते पाहा लागीन.”

गोपुरीतलं गीताई मंदिर हे नावालाच मंदिर. छत नाही, मूर्ती नाही, घंटा नाही. मोकळ्या आवारात माणसापेक्षा उंच दगडी शिळा रांगेने उभ्या आहेत आणि त्यांवर गीताई कोरली आहे, अठराच्या अठरा अध्याय. विनोबांनी आईसाठी केलेली ही मराठी गीता. आईला संस्कृत समजत नव्हतं. तिने म्हटलं, तूच का करत नाहीस मराठीत? ती गेली 1918 मध्ये. विनोबा लिहायला बसले 1930 मध्ये, इथे वर्ध्यातच. मंदिराचं उद्घाटन 1980 मध्ये त्यांच्याच हस्ते झालं. वरून पाहिलं तर या शिळांच्या रांगेतून गाय आणि चरख्याचा आकार दिसतो म्हणतात. खालून मात्र एकच गोष्ट कळते : तुम्ही पुस्तकात शिरला आहात आणि पानं उलटायची असतील तर पाय उचलावे लागतील.

आमच्या धंद्यात याला ‘वॉक-थ्रू’ म्हणतात. ग्रॅनाईटचा वॉक-थ्रू, मेंटेनन्स जवळजवळ शून्य!

मी धार्मिक वगैरे नाही. श्लोक वाचायचेच या हट्टाने चालले नव्हते, ऊन छान होतं म्हणून चालत होते. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटाशी आले. अर्जुन विचारतो की ज्याची बुद्धी स्थिर आहे तो माणूस असतो कसा? बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? मला एकदम थांबायलाच झालं. हा तर माझ्या क्लायंटचा प्रश्न! शांती दिसते कशी?

आणि उत्तरातच तिथे उलटी बाजूही येते, मन घसरतं कसं त्याची. कृष्ण ती पायरी-पायरीने सांगतो. एखाद्या गोष्टीचा सतत विचार करत राहिलं की तिची ओढ लागते. ओढीचं ‘हवंच’ होतं. हवं ते मिळालं नाही की राग. रागाने डोकं गढूळ होतं. गढूळ डोक्याला आपण कोण, समोर कोण, याची आठवण राहत नाही. मग अक्कल जाते, आणि पुढे माणूसच गेला.

मी तिथे उभी राहून ती रात्र उलटी चालवून बघितली. पोरगा पँट्रीत. त्याआधी माझं बोलणं. बोलताना मला आठवत नव्हतं की हा बावीस वर्षांचा आहे, पहिलीच नोकरी आहे आणि त्या दिवशी त्याने जेवणाची सुट्टीही घेतली नव्हती. त्याआधी राग. त्याआधी? फाईल नव्हे. फाईल दोन मिनिटांत बदलली होती. त्याआधी तीन आठवडे माझ्या डोक्यात एकच चित्र फिरत होतं : प्रेझेंटेशन संपलंय, लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत आणि बॉस माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणतोय. राग फाईलवर आला नव्हता. त्या चित्राला कोणीतरी धक्का लावला म्हणून आला होता.

आपण नेहमी म्हणतो, ‘मला अचानक राग आला.’ अचानक काही येत नाही हो. तो सात शिळा लांबून चालत आलेला असतो. शेवटच्या शिळेपाशी थांबवणं अवघड, पहिल्या-दुसऱ्याला सोपं. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर ‘हो, बरोबर’ म्हणून पान उलटलं असतं. पायाने चालल्यामुळे कळलं की मध्ये अंतर असतं. आणि अंतर असतं म्हणजे थांबायला जागा असते.

शेजारीच विश्वशांती स्तूप आहे. पांढराशुभ्र, चारी दिशांना बुद्ध. जपानचे भिक्षू निचिदात्सु फुजी गुरुजी 1933 मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटायला आले होते. त्यांच्या प्रेरणेने पुढे, त्यांच्यानंतर, 1993 मध्ये हा स्तूप उभा राहिला. स्तूपाभोवती एक फेरी मारली आणि घरी पळाले. केसांचं काय करायचं ते मावशीने ठरवलं. फोटोत मी बरी दिसते.

दिल्लीतला खांब

साखरपुड्यात पाहुण्यांना मी काय काम करते ते समजावताना मला दिल्लीचं एक प्रदर्शन आठवलं. कारण ‘म्हणजे नुसते दिवे लावता का?’ या प्रश्नाला माझ्याकडे तेच एक चांगलं उत्तर आहे.

गांधी स्मृतीत, म्हणजे बिर्ला हाऊसमध्ये, 2005 मध्ये ‘इटर्नल गांधी’ हे मल्टिमीडिया म्युझियम सुरू झालं. रणजित मक्कुनी यांनी ते उभं केलं. टेक्नॉलॉजी आहे, पण बटणांऐवजी हातात वस्तू येतात. चरखा फिरवला की चित्रं पुढे सरकतात. आणि एक खांब आहे, जातिभेदाविरुद्धचा. तो एकट्याने उजळत नाही. अनोळखी माणसांनी एकमेकांचे हात धरून साखळी केली की मग उजळतो. ‘अस्पृश्यता वाईट’ असं लिहिलेला बोर्ड आपण शाळेपासून वाचतोय. पण शेजारी उभ्या असलेल्या, नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाचा घामेजला हात धरायचा, हे वेगळंच. तिथे कळतं की आपला हात पुढे जाताना किंचित अडखळतो का.

म्हणजे दोष एलईडीचा नाहीच. मातीची कुटी असो की सेन्सरचा खांब, प्रश्न एकच : ही जागा माणसाला काही दाखवते, की त्याच्याकडून काही करून घेते? मनाची कुठलीही गोष्ट, मग ते लक्ष असो, राग असो की आपलेपणा, चित्रात मावत नाही. ती कृतीत असते. चांगली खोली ती कृती करायला भाग पाडते आणि मग गप्प बसते.

तिसरी खोली : सोडणं

रविवारी सकाळी पवनार. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने निघालं की थोड्याच वेळात धाम नदी लागते.

1938 साली विनोबांची तब्येत पार ढासळली होती. वजन 88 पौंड, म्हणजे चाळीस किलो! गांधीजींनी हवापालट करायला सांगितलं. लोकांना वाटलं थंड हवेच्या ठिकाणी जातील, हे पवनारला गेले. गाडी धामच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी मनाशी म्हटलं की मी सगळं सोडलं. आश्रमाची कामं, काळज्या, विचार, सगळं पुलाच्या अलीकडे. पलीकडे गेल्यावर काम काय, तर शेतात रोज थोडं खणायचं. तब्येत सुधारली. पुढे खणताना भरत-रामाच्या भेटीचं जुनं शिल्पही सापडलं, ते आजही तिथे आहे. 1959 मध्ये त्यांनी बायकांसाठी ब्रह्मविद्या मंदिर इथेच सुरू केलं आणि 15 नोव्हेंबर 1982 ला ते गेलेही इथेच.

मला त्या पुलाची आयडिया फार आवडली. ‘टेन्शन घेऊ नको’ हे जगातलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य आहे; कारण टेन्शन ठेवायचं कुठे ते कोणी सांगत नाही. इथे जागा ठरलेली आहे. पुलाच्या अलीकडे. आपण ऑफिसमधून निघतो तेव्हा असा पूल नसतो. लिफ्ट असते, आणि लिफ्टमध्ये मेल उघडतं.

मी पुलावरून जाताना म्हणून बघितलं. टाळ्या, बॉस, खांद्यावरचा हात : सोडलं. काही झालं नाही. मागून ट्रक हॉर्न मारत होता. नदीकाठी पायऱ्यांवर बसले. पाणी थोडं होतं, दगडांतून वाट काढत होतं. मग लक्षात आलं की मी सोयीचं तेवढंच सोडलं होतं. एक वाक्य मी अजून घट्ट धरून बसले होते : ‘पण चूक त्याचीच होती.’

चूक त्याचीच होती, खरंय. पण ते वाक्य धरून मी नऊ दिवस काय मिळवलं होतं? सोडलं. ते जरा जड गेलं.

सगळे मिळून गप्प

रात्रीची गाडी होती. संध्याकाळी पुन्हा सेवाग्राम. काकांनी यावेळी विचारलंच नाही, सरळ पेपर काढला.

संध्याकाळची प्रार्थना उघड्यावर होते, आकाशाखाली, मातीवर बसून. आश्रमाच्या सुरुवातीपासून ही पद्धत आहे. सगळ्या धर्मांच्या प्रार्थना, आणि सुरुवात जपानी बौद्ध मंत्राने. फुजी गुरुजींच्या भिक्षूंची ती आठवण. त्या दिवशी पंधरावीस माणसं असतील. आश्रमातले लोक, एक सहलीचं कुटुंब, दोन कॉलेजची पोरं. काही वेळ सगळे नुसते गप्प बसले. माझ्या बाजूचं पाच वर्षांचं पोरगंसुद्धा.

शुक्रवारी एकटीने काढलेली सहा मिनिटं भयंकर होती. हीच शांतता आता जड नव्हती. प्रत्येकजण आपापल्या डोक्यातल्या गोंगाटाबरोबर बसला होता आणि सगळ्यांना ते माहीत होतं. दर सोमवारी मौन पाळणारा माणूस रोज संध्याकाळी शंभर लोकांत का बसायचा, ते थोडंसं कळलं. शांत राहायला एकट्याची खोली लागतेच असं नाही. कधी कधी शेजारी कोणीतरी लागतं.

वर्धा स्टेशनवर गाडीला चाळीस मिनिटं होती. मी फोन लावला. चौथ्या रिंगला उचलला. “येस मॅम? काही चुकलं का?” पहिलं वाक्य हे! मी म्हटलं, “नाही रे. त्या दिवशी माझं चुकलं. सगळ्यांसमोर बोलले, ते सगळ्यांसमोरच मागे घेईन. आधी तुला सांगते. सॉरी.”

पलीकडे शांतता. मग म्हणाला, “मॅम, तुम्ही कुठे आहात? मागे ट्रेनचा आवाज येतोय.”

“वर्ध्याला.”

“अच्छा,” तो म्हणाला. जणू त्यात सगळं आलं.

बारावा ड्राफ्ट

तिसरी खोली शेवटी अशी झाली. फोन बाहेर कपाटात. चपला बाहेर. आत जायला चार पावलांची लाकडी फळी, खाली पाणी. ही आयडिया त्याच पोराची, मी त्याला पवनारच्या पुलाची गोष्ट सांगितल्यावर. आत मातीने लिंपलेली भिंत, चटया आणि एक खरी खिडकी, जिच्यातून पार्किंगमधलं कडुनिंबाचं झाड दिसतं. प्रोजेक्टर शून्य. क्लायंट बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, “सेल्फी पॉइंट?” आम्ही म्हटलं, बाहेर, कपाटाशेजारी. बजेट पास झालं.

सुपरहिट झाली म्हणू? नाही. टाळ्या लाल दिव्यांच्या खोलीला पडल्या. शांतीच्या खोलीतून बहुतेक लोक दोन मिनिटांत बाहेर आले, एकजण तर ‘आत काही चालूच झालं नाही’ अशी तक्रार घेऊन आला. पण दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिथला एक सिक्युरिटी गार्ड बूट काढून आत गेला. खिडकीसमोर बसला. वीस मिनिटं. बाहेर येताना त्याने फळीवर क्षणभर थांबून खाली पाण्याकडे बघितलं.

माझा ज्युनिअर आणि मी कोपऱ्यात उभे होतो. आम्ही दोघंही काही बोललो नाही. तो बॅगेतून डबा काढत होता, मी विचारलं, “जेवलास का?”

जायचंय?

कसं जाल : मुंबईहून सेवाग्राम एक्स्प्रेस सोयीची. वर्धा जंक्शन आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, तिकीट काढताना नीट बघा. नागपूर विमानतळावरून रस्त्याने साधारण 75 किलोमीटर.

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात गेलात तर फिशरसारखा टब लागेल.

काय बघाल : सेवाग्राम आश्रम, गोपुरीतलं गीताई मंदिर आणि विश्वशांती स्तूप, पवनारचा आश्रम. एका दिवसात ‘उरकता’ येतं. उरकू नका. संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत थांबा.

काय आणाल : गोरसपाक. ऑफिसमध्ये ज्याला सॉरी म्हणायचं राहिलंय, त्याच्यासाठी एक पुडा जास्त.